आईला कुणी विचारलं नाही

कोल्हारच्या स्टँडवर दादा मला सोडायला आला, तेव्हा तो तोंड पलीकडच्या पेरूच्या गाड्याकडे करून उभा होता. नवख्याला वाटलं असतं, भाऊ बहिणीवर रुसलाय. खरं तर तो मलाच बघत होता. त्याचे डोळे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि ते मधोमध गेले होते. ज्याच्याकडे सरळ बघावं तिथं राखाडी डाग, आणि मान वळवली की तोच माणूस कडेला धूसर उभा. सुरुवातीला तो म्हणायचा, "सुमे, तुझं तोंड दिसत न्हाई, पर कानातलं दिसतंय." आम्ही हसायचो. हसण्यासारखं काही नाही हे कळायला आम्हाला महिनाभर लागला.

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझी बॅग आदल्या दिवशी पेरूच्या वजनकाट्यावर तोलली होती. विमानाला तेवीस किलोच चालतं म्हटल्यावर त्यांनी आईनं भरलेला बाजरीच्या पिठाचा डबा तीनदा आत ठेवला आणि तीनदा बाहेर काढला. शेवटी पीठ गेलं आणि माझी पुस्तकं राहिली. आईनं डोक्यावरचा पदर दातात धरून हा सगळा कारभार पाहिला आणि एक शब्द बोलली नाही. पुरुष माणसं काही ठरवत असली की आई बोलायची नाही, हे आमच्या घरात इतकं सवयीचं होतं की कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

मुंबईची एसटी दादाला आमच्या आधी ऐकू आली. त्यानं बॅग उचलली, चाचपत पायरीवर ठेवली, आणि गाड्याकडे बघत मला म्हणाला, "तू जा निवांत. पोरीबाळींना ह्यातलं काय होत न्हाई. जे काय हाय ते माझ्यापाशीच थांबलं."

हे वाक्य मी स्कॉटलंडला घेऊन आले आणि एकोणीस वर्षं जपून ठेवलं. ते निम्मं चूक आहे हे कळल्यावरही कितीतरी वर्षं मी ते गावाकडे कुणाला सांगितलं नाही. आज सांगायला बसले आहे. गावाकडच्यांनो, तुमच्यातल्या काहींना यातला काही भाग ठाऊक आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनी वाचावं ते वेगळ्या कारणासाठी: आपण येताना काय काय घेऊन आलो, हे बॅग तोलून कळत नाही.

आधी दादाचं सांगते. एकविसाव्या वर्षी त्याचा साखरपुडा झाला होता, देवळाली प्रवराच्या शोभाशी. लग्न उसाचा हंगाम आटोपल्यावर करायचं ठरलं होतं. त्याच पावसाळ्यात त्याचा उजवा डोळा अधू झाला. दुखणं नाही, लाली नाही, काही नाही. दीड महिन्यात डावाही त्याच वाटेनं गेला. अण्णांनी त्याला नगरला दाखवलं, पुण्याला दाखवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, डोळ्यामागची नस सुकली आहे. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे आणखी कुणाचं असं झालंय का?

अण्णा ताठ बसले. आजा, पणजा, चुलते, चुलतचुलते, सगळे मोजून झाले. "आमच्यात न्हाई साहेब. आमचा म्हातारा नव्वदीत सुईत दोरा ओवायचा." डॉक्टरांनी कागदावर ते लिहून घेतलं. मीही तिथं होते. आई दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी नाही, अण्णांनी नाही, आणि बीएस्सीला जीवशास्त्र घेतलेल्या मीही नाही.

कोल्हारला परतल्यावर चुलीपुढं बसून आई हळूच म्हणाली, "माझ्या मामाचं बी असंच झालं हुतं. सखामामाचं. विशीतच."

सखामामा म्हणजे आईच्या आईचा सख्खा भाऊ, पाथर्डीकडचा. त्याचे डोळे गेले ते पिकावर औषध मारताना, असं तिकडं सगळे मानत. अण्णा म्हणाले, ते तिकडचं, त्याचा इथं काय संबंध. अण्णांच्या दृष्टीनं खरंच नव्हता. घराणं बापाकडून येतं, कुळ बापाकडून येतं, देव बापाकडून येतो. सोयरीक जुळवताना मामेकूळ विचारतात, नाही असं नाही. पण तेही आईच्या बापाचं आडनाव. आईच्या आईकडून जे येतं त्याला आपल्याकडे नावच नाही.

दादानं मात्र सखामामाचं ऐकलं आणि मनात आपला हिशेब मांडला. मामा पुरुष, तो पुरुष, म्हणजे रोग पुरुषांचा. पुरुषांकडून पुरुषांत जाणार. शोभानं तिच्या भावाबरोबर निरोप पाठवला होता की तिला हे लग्न करायचंच आहे. दादा स्वतः देवळालीला गेला, तिच्या घरच्या ओसरीवर बसला आणि सांगून आला, "माझ्या पोरांच्या डोळ्यांत मला अंधार घालायचा न्हाई." साखरपुड्याची साडी त्यानं परत घेतली नाही. वर्षभरानं शोभाचं लग्न दुसरीकडे झालं. तेव्हापासून सगळे भाऊबंद, सोयरेधायरे दादाला देवमाणूस म्हणायला लागले. गावात कुणाचं पोर बापाचं ऐकत नसेल तर दादाचं उदाहरण द्यायची पद्धत पडली.

दादा मोटार रिवायंडिंगचं काम शिकला. विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्यांच्यात तांब्याची तार पुन्हा भरायची. बोटांचं काम, आणि वेढे मोजण्याचं. हायवेला लागून त्यानं दुकान टाकलं. दादाच्या हातची मोटार लवकर परत येत नाही, अशी ख्याती आहे. हा झाला त्याचा संसार.

आता माझं. डंडी नावाचं गाव आहे, टे नदीच्या काठी. डिसेंबरात इथं साडेतीन-चारला सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी मी घड्याळ बघून रडायचे, नंतर हीटिंगचं बिल बघून. पीएचडीला मला जो विषय मिळाला तो मी मागून घेतला नव्हता. जागा रिकामी होती, म्हणून मिळाला. पेशीत तंतुकणिका असतात हे तुम्ही शाळेत घोकलं असेल, "पेशीचे ऊर्जाकेंद्र", दोन मार्कांना. या तंतुकणिकेच्या भिंतीत एक भलंथोरलं विकर बसलेलं असतं, एन्झाइम. आपण खाल्लेल्या भाकरीतून निघालेली वीज ते ओढून घेतं आणि तिच्या जोरावर पंप चालवतं. त्या विकराची ठेवण कशी आहे, त्याचा कोणता भाग कुठं वाकतो, हे शोधणं आमच्या लॅबचं काम. विकराचा थेंब झटक्यात गोठवायचा, इतक्या झटक्यात की पाण्याला बर्फाचे खडे करायला सवड मिळू नये. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे लाखो अंधुक फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरनं ते एकावर एक बसवत जायचं. हळूहळू आकार दिसायला लागतो. मला ते काम आवडलं. अजून आवडतं.

दुसऱ्या वर्षी आमच्या बाईंनी, म्हणजे गाइडनी, एका बैठकीत या विकराच्या बिघाडातून होणारे आजार सांगितले. पडद्यावर एक ओळ आली: तरुण मुलगे, वेदना नाहीत, मधली दृष्टी जाते, एका डोळ्यामागून काही आठवड्यांत दुसरा. त्याखालच्या ओळीत होतं: फक्त आईकडून येतो. मुलगा असो वा मुलगी, आईकडून दोघांना मिळतो. पुढे देते ती मात्र फक्त मुलगी. मुलाकडून तो कधीच पुढे जात नाही, कारण बापाच्या तंतुकणिका पोरात टिकतच नाहीत.

मी हातातला कप खाली ठेवला. दादानं दहा पोरं जन्माला घातली असती तरी एकाच्याही डोळ्याला धक्का लागला नसता. आणि जिला "पोरीबाळींना काय होत न्हाई" म्हणून त्यानं एसटीत बसवलं, ती ते घेऊन समुद्रापार आली होती. मी स्वतःचं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट अपेक्षेप्रमाणेच आला: तो बिघाड माझ्यातही होता. मुलींमध्ये डोळे जायचा धोका कमी असतो, पण नसतोच असं नाही. माझे अजून शाबूत आहेत.

त्याच संध्याकाळी घरी फोन करायला हवा होता. मी केला नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, शोभाचं तर लग्न झालंय, आता सांगून काय उपयोग. झाकली मूठ सव्वा लाखाची. अण्णा थकलेत, आईला वाटेल आपणच पोराचे डोळे घालवले. ही सगळी कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं. त्या वर्षी माझंच लग्न ठरत होतं. नवरा सांगलीचा, माझ्याच विद्यापीठातला. त्याला मी सगळं सांगितलं आणि तो म्हणाला, आपण बघू. पण त्याच्या घरच्यांच्या कानावर हे जायला मला नको होतं. दादानं ओसरीवर बसून जे तोंडावर सांगितलं, ते मी फोनवरसुद्धा सांगितलं नाही. दादा तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. शोभा नाही तर दुसरी कुणी त्याच्या आयुष्यात आली असती. हा विचार मला यायचा, आणि आला की मी लॅबमध्ये जाऊन काम करायचे.

आम्हाला मुलगी झाली, ईरा. आता पंधराची आहे. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. दर वर्षी म्हणायचे, अजून लहान आहे.

गेल्या डिसेंबरात ईराला तिच्या बाबापाशी ठेवून मी एकटीच कोल्हारला गेले. अण्णा जाऊन पाच वर्षं झाली. आई आता दादापाशी असते, दुकानामागच्या दोन खोल्यांत. बॅगेत तळाशी, एका पिशवीत, मी एक वस्तू नेली होती. आमच्या लॅबमध्ये विकराचा आकार प्लास्टिकमध्ये छापून मिळतो, थ्रीडी प्रिंट. वीतभर लांब, काटकोनात वाकलेलं, बुटासारखं. विकर म्हणजे अमिनो आम्लांच्या दाण्यांची माळ; माझ्या रिपोर्टप्रमाणे दादाच्याही विकरात ज्या ठिकाणी एक दाणा बदललाय, त्या जागी मी नेलपॉलिशचा एक टिपका सुकवून ठेवला होता, बोटाला लागेल असा. या खेपेला सांगायचंच, असं ठरवून नेलं होतं. पण आठ दिवस ते पिशवीतून बाहेर निघालं नाही. कधी कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलेलं, सगळ्यांना मोटारी हव्या, म्हणून दुकानात गर्दी. कधी आईचं बीपी. मनात नसलं की कारणांना तोटा नसतो.

नवव्या दिवशी दुपारी दुकानात मंदाताई आली, पाथर्डीकडून. माझ्या मावशीची मुलगी. बरोबर तिचा विकास होता, तेवीस वर्षांचा. मी त्याला पाच-सहा वर्षांपूर्वी पाहिलं होतं, तेव्हा तो टेम्पो चालवायला शिकत होता. आता तो दुकानात शिरला आणि माझ्याशी बोलताना मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला.

मंदाताई रडत नव्हती. रडून झालं असावं. "दोन्ही डोळं गेलं रे भाऊ, चार महिने झालं," ती दादाला म्हणाली. "सोयरीक ठरल्याली. पोरगी म्हनती, मी तयार हाय. तिचा बाप म्हनतो, पोटच्या लेकरांचं काय? आता तूच सांग. तुझ्या वाटनं जावं का?"

दादा मांडीवर मोटारीचा स्टेटर, म्हणजे तार भरायचं आतलं कडं, घेऊन खाचेत कागद बसवत होता. त्याचा हात थांबला नाही. "ईकास," तो म्हणाला, "अवघड असतंय. पर मोडून टाक. पोरगी चांगली हाय म्हनूनच मोड. मी मोडलं, मला कंदी वाईट वाटलं न्हाई."

विकासनं मान हलवली. तो हे ऐकायलाच आला होता. देवमाणसाच्या पाया पडून जाणार होता. मी तारांच्या रिळांवर बसले होते तिथून उठले आणि म्हणाले, "दादा, थांब. मोडायला सांगू नकोस. बापाकडून हे जात नाही."

मग मी बोलत सुटले. काय क्रमानं बोलले ते आठवत नाही, पण फार शास्त्रीय बोलले असणार, कारण मंदाताई म्हणाली, "अगं बाई, जरा मानसासारखं सांग." तेव्हा मी आतल्या खोलीतून पिशवी आणली आणि ते प्लास्टिकचं विकर दादाच्या हातात ठेवलं.

त्यानं स्टेटर खाली ठेवला. बोटं फिरवायला लागला. कित्येक वर्षं मी तो आकार पडद्यावर रंगवून बघत होते. त्यानं दोन मिनिटांत डोळ्यांशिवाय पाहिला. "हे उभं हाय, हितनं लाईट येती?" मी म्हटलं, हो. "आन हे आडवं, हे पंप दिसत्यात. एका लायनीत तीन." मी म्हटलं, हो. "आन हे काय, लांब दांडी? पंप एकमेकांना जोडल्यात का हिनं?" त्या दांडीवर आमच्या शास्त्रातल्या माणसांनी वर्षानुवर्षं वाद घातले आहेत. मी म्हटलं, तसंच काहीसं. मग त्याचं बोट टिपक्याला लागलं आणि तिथंच राहिलं.

"हितं हाय व्हय?"

"तिथं. एक दाणा बदललाय, बाकी सगळं जसंच्या तसं आहे."

"एवढ्याशानं?"

"विहिरीत पाइपच्या तळाचा फुटव्हॉल जरा गळका असला तर काय होतं दादा?"

"मोटार चालती, पर पानी चढत न्हाई. तापत राहती. जळती एक दिवशी."

तसंच होतं, मी सांगितलं. तंतुकणिका तापते, म्हणजे तिच्यातून विषारी ठिणग्या उडतात. तिच्या भिंतीआड एक बारकं प्रथिन असतं, जन्मभर आत हमाली करणारं. भिंत फाटली की ते बाहेर पडतं, आणि ते बाहेर दिसलं की पेशीला कळतं, आता आपलं संपलं. मग ती पेशी आरडाओरडा न करता स्वतःच आवरतं घेते. म्हणून दुखत नाही.

"सगळ्या अंगात हेच हाय तर डोळंच का?" हा प्रश्न विकासचा.

उत्तर दादानंच दिलं. "डीपीपासून लांबच्या मोटारीला व्होल्टेज पयलं पडतं." डीपी म्हणजे वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर. डोळ्यामागच्या नसेच्या तारा बारीक, लांब, आणि वीज खाणाऱ्या. मला याहून बरं सांगता आलं नसतं.

मग मी राहिलेलं सांगितलं. हे आईकडून येतं. सखामामाकडे त्याच्या आईकडून, त्याच्या बहिणीकडून आपल्या आईकडे आणि मावशीकडे, मावशीकडून मंदाताईकडे, मंदाताईकडून विकासकडे. "आणि माझ्याकडे," मी म्हटलं. "विकास, आधी पुण्याला रक्त तपासायचं, दादाचंही. तेच निघालं तर तुझ्यापाशी ते संपलं, पोरांना जाणार नाही. दारू-तंबाखूला हात लावायचा नाही. एक औषध आहे, काहींना थोडं दिसायला लागतं, काहींना नाही, तेही डॉक्टरांना विचारू."

मंदाताईनं विकासच्या पाठीवर हात ठेवला होता. आई मधल्या दारात उभी होती; केव्हा आली कळलं नाही. दादाचं बोट टिपक्यावरच.

"सुमे, हे तुला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "सतरा वर्षं झाली," मी म्हटलं.

त्यानं विकर टेबलावर ठेवलं, अगदी हळू, कुणाची तरी वस्तू परत ठेवावी तसं. "आई दवाखान्यात गप बसली, कारन तिला कुनी इचारलं न्हाई. तुला कोन अडवत हुतं?"

तो उठला, भिंतीला हात लावत मागं गेला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवायला बसायचा, आईशी बोलायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा. मी समोर असले की मात्र सरळ माझ्याकडे तोंड करून बसायचा. त्या घरात याचा अर्थ काय ते मला ठाऊक होतं. सरळ बघितलं की मी त्याला दिसत नव्हते.

आई तिसऱ्या दिवशी बोलली. भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता. "माझ्या आईचं नाव गिरजा. तिच्या आईचं ठकू. ठकूला अजून एक लेक हुती, ती शेवगावकडं दिली हुती. तिचं नाव न्हानू. लिहून घे." मी मोबाईल घेतला. मग ती सांगतच राहिली. सासरी कुणाचं नाव बदललं, कुणाला कोणत्या गावी दिलं, कुणाच्या पोरांचं काय झालं. अण्णांच्या घराण्याची वंशावळ आमच्याकडे कागदावर आहे, सात पिढ्यांची, सगळे बाप्ये. ही दुसरी आईच्या डोक्यात साठ वर्षं होती आणि तिला कुणी ती मागितली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "म्हंजी माझ्याकडनंच आलं की पोराला." मी म्हटलं, आई, तुझा काही दोष नाही. ती म्हणाली, "दोष कोन म्हनतंय? माझ्याकडनं आलं, एवढंच म्हनते." आणि भाकरी उलटली.

मी निघाले त्या दिवशी दादा स्टँडवर आला. मला वाटलं नव्हतं येईल. आता तिथं पेरूचा गाडा नाही, मोबाईलचं दुकान आहे, रस्ता दुपटीनं रुंद झालाय. दादानं बॅग उचलली. मग त्यानं मान वळवून दुकानाकडे तोंड केलं, आणि मला आतून मोकळं झाल्यासारखं वाटलं.

"माझं जे गेलं ते गेलं," तो म्हणाला. "त्याचं मी तुला अजून माफ केल्यालं न्हाई. करीन कवातरी. लगीच न्हाई हुत."

मी म्हटलं, बरं.

पुढचं मला फोनवरूनच कळत गेलं. रक्ताचे रिपोर्ट आले, दादाचा आणि विकासचा, दोन्हीत तोच एक दाणा. दादा आईला घेऊन एसटीनं पाथर्डीकडे गेला, विकासच्या होणाऱ्या सासऱ्याच्या घरी. माझं विकर पिशवीत घालून नेलं होतं म्हणे. त्या ओसरीवर बसून त्यानं ते सासऱ्याच्या हातात दिलं, टिपका दाखवला, आणि म्हणाला, "मी चुकलो. ह्याला चुकू देऊ नका." देवमाणूस म्हणवून घेतलेल्या माणसाला चारचौघांत हे म्हणायला काय लागत असेल, ते मला सतरा वर्षं जमलं नव्हतं म्हणून कळतं. त्यानंतर ते दोघं आईच्या यादीतल्या आणखी तीन घरी जाऊन आले. शेवगावकडे न्हानूच्या पणतवंडांत डोळे गेलेला एकजण निघाला. त्याला कुणी अजून कारण सांगितलं नव्हतं.

विकासचं लग्न मे महिन्यात झालं. मी इथं लॅबच्या जिन्यात उभी राहून फोन कानाला लावला होता. पलीकडे बँडचा दणका. नवरदेवाच्या मागं मामानं उभं राहायचं असतं, आणि मंदाताईला सख्खा भाऊ नाही. मामा म्हणून दादा उभा राहिला. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवानं नवरीकडे सरळ न बघता मांडवाच्या खांबाकडे मान वळवली, आणि नवरी समजून हसली. हे मला दादानंच सांगितलं. त्याला कडेनं तेवढं दिसलं होतं.

मग तो म्हणाला, "सुमे, हितलं झालं. आता तुझी पोरगी. तिला आज सांग."

"दादा, तिची परीक्षा..."

"आज सांग. आन मला फोन लावून दे, माझ्याशी बी बोलू दे तिला. डोळं गेलं म्हंजी काय जातं आन काय जात न्हाई, ते तुला न्हाई सांगता यायचं."

लोक विचारतात, इतक्या वर्षांनी घर कुठलं वाटतं, इथलं की तिथलं. पूर्वी मी हसून टाळायचे. आता मला वाटतं, माझ्या बाबतीत तरी ते बॅगेतून उतरलेलंच नाही. ठकूपासून निघालेलं, गिरजाच्या, आईच्या, माझ्या अंगातल्या प्रत्येक पेशीत, आणि ईराच्या. त्यात तो बिघडलेला दाणाही आला. मला तो नको असला तरी तो वेगळा काढून बाकीचं घर ठेवता येत नाही, आणि ज्यांच्यात तो आहे त्यांच्याशी गप्प बसून राहणं म्हणजे घर सोडणं. मी एकोणीस वर्षांपूर्वी कोल्हार सोडलं असं समजत होते. सोडलं ते त्या बैठकीनंतर, फोन केला नाही त्या संध्याकाळी.

ईरा अभ्यास करत होती. मी तिच्या खोलीत गेले, पलंगावर बसले आणि तिला म्हटलं, कान दे, तुला तुझ्या आजीच्या आजीचं नाव सांगायचंय. तिनं वही मिटली. मी फोन आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला आणि दादाचा नंबर लावला.